टायमर लावला, पाणी वाढलं

मार्च उजाडला की पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये दोन कागद एकाच आठवड्यात फिरू लागतात. एक टँकरवाल्याच्या नव्या दरांचा, दुसरा बागेच्या 'स्मार्ट सिंचना'च्या कोटेशनचा. दुसऱ्या कागदावर लॉनसाठी जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर, कुंपणाच्या झुडपांसाठी ठिबकच्या नळ्या, व्हॉल्व्ह, फिल्टर आणि मोबाइलवरून चालणारा टायमर अशी यादी असते. शेवटी एक वाक्य ठरलेलं: पाण्यात निम्म्याने बचत, हिरवळ होती तशीच. कमिटीतली माणसं हिशेबी असतात. पहिल्या कागदावरचा खर्च दुसऱ्या कागदाने भरून निघेल असं त्यांना वाटतं, हात वर होतात, ठराव मंजूर होतो. वर्षभराने पाहावं तर टँकर तेवढेच येत असतात, क्वचित एखादा जास्तच. मग कुणी माळ्याला बोल लावतो, कुणी उन्हाळ्याला.

माझ्या मते घोटाळा त्या शेवटच्या वाक्यात आहे. 'हिरवळ होती तशीच' आणि 'पाणी निम्मं' या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. बागेचं पाणी वाचतं ते बागेत काय लावलंय आणि मातीकडे कोण बघतंय यावरून. नळीच्या टोकाला कोणतं यंत्र आहे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं न देता तो सोडवायला गेलं तर यंत्र पाणी वाढवतं.

गणित त्या कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावेल एवढंच आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवंगार, वाढतं लॉन दिवसाला ढोबळमानाने पाच मिलिमीटर पाणी पानांतून आणि मातीतून हवेत सोडतं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. झाले रोजचे साडेचारशे लिटरच्या वर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरावेत असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे हजार फुटांच्या लॉनला साडेतीन माणसांचं पाणी लागतं. पाच हजार फुटांचं लॉन महिन्याला दहा हजार लिटरचे सात टँकर रिचवतं. यात पाइपची गळती धरलेली नाही, वाऱ्याने उडालेले तुषार नाहीत, पार्किंगच्या उतारावरून वाहून गेलेलं पाणीही नाही. ही निव्वळ गवताची तहान. यंत्र कितीही उत्तम असो, ते फार तर या आकड्यावरची उधळण थांबवील. आकडा खाली आणायचा तर गवत कमी करावं लागेल, नाहीतर त्याचा हिरवेपणा.

इथे समोरचा म्हणेल, तहान मान्य, पण आत्ता तर आपण तिच्या दुप्पट पाणी ओततोय. माळी पाइप सोडून चहाला जातो. ती उधळपट्टी तरी थांबेल ना? मुद्दा रास्त आहे. ठिबकचं बहुतेक सगळं पाणी मुळाशी उतरतं आणि पाइपने वाफे भरताना बरंचसं भलतीकडे जातं, हे कोणीही कृषी सहायक सांगेल. शेतात ते खरंही ठरतं, कारण तिथे पाण्यामागे विजेचं बिल असतं, विहिरीचा तळ दिसत असतो आणि बांधावर मालक उभा असतो. घरच्या बागेत यातलं काही नसतं. आणि घरच्या बागांचा वापर ज्यांनी मीटर लावून मोजला त्यांना उलटंच चित्र दिसलं.

अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९९ मध्ये घरगुती पाणीवापराचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटर मेयर, विल्यम डिओरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या सुमारे बाराशे घरांच्या मीटरवर नोंदयंत्रं बसवून कोणत्या कामाला किती पाणी जातं ते टिपलं होतं. जमिनीत गाडलेली स्प्रिंकलर यंत्रणा असलेल्या घरांचा घराबाहेरचा वापर ती नसलेल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त निघाला. स्वयंचलित टायमर असलेल्यांचा ४७ टक्के जास्त. ठिबक असलेल्यांचासुद्धा १६ टक्के जास्त. आणि हातात पाइप धरून पाणी घालणाऱ्यांचा ३३ टक्के कमी. पाणीपुरवठ्याच्या धंद्यातल्या लोकांना हे आकडे पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहेत. कोटेशनवर ते छापत नाहीत एवढंच.

यावर एक आक्षेप आधीच नोंदवून टाकतो, कारण तो चांगला आहे. टायमर कोण लावतं? ज्याची बाग मोठी, खिसा जड, हौस दांडगी. तो मुळातच जास्त पाणी वापरणारा. मग वाढीव वापराचं खापर टायमरवर का? काही अंशी हे बरोबर आहे. ४७ टक्के वाढ एकट्या टायमरने घडवली असं मी म्हणणार नाही. पण कोटेशनचा दावा निम्म्या बचतीचा आहे. ज्या घरांत यंत्र आलं तिथे ते यंत्र मालकाच्या हौसेला आवर घालू शकलं नाही, एवढं तर हा अभ्यास निर्विवाद दाखवतो. आणि कमिटीत बसलेल्या मंडळींचीही बाग मोठी आणि हौस दांडगीच असते.

असं का होतं, ते बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. मागच्या पावसाळ्यात बाणेरच्या बाजूला एका सोसायटीत सकाळी गेलो होतो. भुरभुर चालू होती, लॉन आधीच पचपचीत. अचानक फुस्स आवाज करत स्प्रिंकलरची काळी मुंडकी वर आली आणि पावसात आणखी एक पाऊस सुरू झाला. छत्री धरून फेऱ्या मारणारे एक आजोबा बाजूला सरकले आणि वॉचमनकडे बघून ओरडले, "अरे, बंद कर की ते!" वॉचमनने हात जोडले, "साहेब, ते ऑटोमॅटिक आहे." टायमरचं ॲप ज्या सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये, ते ऑफिसच्या कामाला परदेशी. पोडियमच्या खाली पार्किंगमध्ये गेलो तर स्लॅबच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं आणि दोन गाड्यांच्या टपांवर चुन्याचे पांढरे ओघळ वाळले होते. वॉटरप्रूफिंगचा खर्च वेगळ्या खात्यात लिहिला जात असणार.

पावसाचा सेन्सर लावता आला असता, हे खरं. चांगला सेन्सर काम करतोही. पण कोटेशनवर घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते, कारण तो नसला तरी उद्घाटनाच्या दिवशी काही अडत नाही.

दुसरं कारण जास्त चोरटं आहे. स्प्रिंकलरचं पाणी लॉनवर कधीच सारखं पडत नाही. दाब कमी, एखादं तोंड तिरकं, कोपऱ्यात भिंत, मध्ये जास्वंदीचं झुडूप. कुठे जास्त, कुठे कमी. खात्री करायची असेल तर सरळ कडांचे पाच-सहा सारखे डबे लॉनवर लांब लांब ठेवा, पंधरा मिनिटं यंत्र चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात चार मिलिमीटर आणि दुसऱ्यात बारा निघाले तर नवल वाटून घेऊ नका. आता ज्या कोपऱ्यात चार पडतं तिथलं गवत पिवळं पडतं. कमिटीत तक्रार येते. माळीकाकांना हुकूम सुटतो, आणि ते पंधरा मिनिटांची पंचेचाळीस करतात. कोरड्या कोपऱ्याला त्याचे बारा मिळाले, पण भरलेल्या कोपऱ्यावर छत्तीस पडले. सगळ्या लॉनचा वापर एका तहानलेल्या कोपऱ्याने ठरवला. ठिबकचंही तेच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ताशी चार लिटरच्या ड्रिपरचं भोक हळूहळू बुजवतात, खारी नळ्या कुरतडतात, दोन झाडं माना टाकतात. फिल्टर धुणं आणि नळीची टोकं उघडून साफ करणं हे कंटाळवाणं काम. टायमरवर दहा मिनिटं वाढवणं हे बोटाचं काम. दुसरंच होतं.

माळ्याविषयी मला इथे थोडं जास्त बोलायचं आहे, कारण या सगळ्या चर्चेत खलनायक तोच ठरवला जातो. 'स्मार्ट' यंत्रणा विकणारा पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, की आता तुमचं माळ्यावरचं अवलंबित्व संपलं. पण हातात पाइप धरणारा माणूस असं काय करतो, की त्याच्या घरचं पाणी कमी लागतं? तो बघतो. आळ्यात कालचं पाणी अजून साचलंय, इथली माती भेगाळली आहे, हे रोप सावलीतलं आहे, ते गळ्यापर्यंत भिजलंय. शिवाय उभं राहून त्याचे पाय दुखतात, त्यामुळे तो लवकर आटपतो. पाणीबचतीतला या कंटाळ्याचा वाटा कुणी लक्षात घेत नाही. माळ्याने पाइप आळ्यात सोडून दिला की मात्र हातही गेला आणि नजरही गेली, मग तो टायमरपेक्षाही वाईट. तो तसं का करतो? त्याला महिन्याला ठरावीक पैसे मिळतात, एका सकाळी चार-पाच बंगले उरकायचे असतात आणि त्याच्या कामाची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: सगळं हिरवं दिसतंय का? एखादं पान वाळलं तर त्याला बोलणी बसतात. हजार लिटर पाणी जास्त गेलं तर कुणाला कळतही नाही, कारण बागेच्या लाइनवर मीटरच नसतो. अशा सौद्यात शहाणा माणूस पाणी जास्तच घालेल. तोच सौदा तसाच ठेवून माळ्याच्या जागी यंत्र बसवलं तर ते यंत्रही जास्तच घालणार, कारण त्याची मिनिटं ठरवणारा माणूस त्याच बोलण्यांना भितो.

ठिबकवाले आता शेतीचा दाखला काढतील. ठिबकने महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात काय केलं हे मी नाकारत नाही. सोलापूरचं डाळिंब आणि जळगावची केळी ठिबकवर उभी आहेत. जळगावातच भवरलाल जैन यांनी ठिबकचा देशातला सगळ्यात मोठा कारखाना उभारला. पण शेतीतूनच उलटा धडाही मिळतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा म्हणणं हेच होतं, की पाणी वाचेल आणि ऊस होता तसाच राहील. 'हिरवळ होती तशीच'चं हे मोठं भावंड. अमेरिकेत रिओ ग्रांदेच्या खोऱ्याचा अभ्यास करून फ्रँक वॉर्ड आणि मानुएल पुलिदो-वेलाझकेझ यांनी २००८ मध्ये दाखवलं, की ठिबकला अनुदान दिल्यावर शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं आणि खोऱ्यातून कायमचं नाहीसं होणारं पाणीही वाढतं. पाटाने दिलेलं जादा पाणी निदान जमिनीत मुरून कुणाच्या तरी विहिरीत उतरत होतं. ठिबकने वाचलेलं पाणी आणखी पिकाला दिलं गेलं आणि पानांतून हवेत गेलं. पगार वाढला म्हणून माणूस मोठ्या घराचं कर्ज काढतो, तसं हे. सोसायटीतही असंच घडतं. ठिबक बसल्यावर 'आता पाणी वाचतंय' म्हणून गेटपाशी आणखी दोन वाफे आणि एक छोटं लॉन मंजूर होतं.

यंत्र कामाला येतं ते कधी, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा लास वेगासचा आहे. वाळवंटातलं शहर, वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. तिथल्या सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटीने लोकांना गवत उपटायचे पैसे दिले आणि घरांच्या बागांवर वेगळे मीटर लावून काही वर्षं नोंदी ठेवल्या. २००५ मध्ये अहवाल आला. गवताला वर्षाला एका चौरस फुटामागे सुमारे २७६ लिटर पाणी जात होतं. त्याच जागी वाळवंटात तगणारी झुडपं, खडी आणि ठिबक आल्यावर ६५ लिटर. चारातले तीन हिस्से वाचले. इथेही ठिबक होतंच, पण आधी तहान कमी केली आणि मग नळी जोडली. त्या राज्याने पुढे २०२१ मध्ये कायदाच केला: कोलोरॅडो नदीचं पाणी वापरणारं, निव्वळ शोभेचं गवत घरगुती बंगल्यांखेरीज इतर ठिकाणी २०२६ नंतर भिजवायचं नाही.

कुणी म्हणेल, लास वेगास वाळवंट आहे, पुण्यात सातशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पडतो ना! लंडनपेक्षा जास्त पडतो. लंडनला वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर पडतो. फरक एवढाच की तो बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आणि ऊन असं की गवताला घाम फुटत नाही. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये गवत कापायचं यंत्र काढलं ते त्या हवेत. तिथून लॉन कॅन्टोन्मेंटमध्ये आलं, जिमखान्यात आलं, साहेबाच्या बंगल्यापुढे पसरलं आणि आता बिल्डरच्या माहितीपत्रकात आहे. आपला पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरात निरोप घेतो. उरलेले सात-आठ महिने इथल्या जमिनीचा रंग पिवळसर तपकिरी असतो. इथलं गवत, आपली हरळी, हे ओळखून आहे. पाणी तुटलं की ती वाळल्यासारखी दिसते, जमिनीखाली जिवंत असते आणि पहिल्या वळवात फुटते. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून विकतात ते लॉनसुद्धा हरळीचंच भाऊबंद. दहा-बारा दिवसांतून एकदा ओल दिली तरी ते मरत नाही; फक्त मे महिन्यात ते माहितीपत्रकातल्या फोटोसारखं दिसत नाही. ज्यांना तसं दिसायला हवं आहे त्यांनी खुशाल दिसू द्यावं, पण त्याला पाणीबचत म्हणू नये.

आता एसटीपीच्या, म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या, युक्तिवादाकडे येतो. 'आमच्या बागेला एसटीपीचं पाणी आहे, पिण्याचं नाही' असं म्हटलं की विषय संपला असं समजतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये हाच युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयात झाला होता. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचत होती, आणि इकडे वानखेडे, गहुंजे आणि नागपूरच्या मैदानांवरच्या गवताला आयपीएलसाठी लाखो लिटर पाणी लागणार होतं. क्रिकेट मंडळाने महालक्ष्मी रेसकोर्सचं प्रक्रिया केलेलं पाणी वापरू असं सांगितलं. न्यायालयाने तरीही ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. त्या निकालावर मतं असू शकतात. सामने हलवून लातूरला थेंबभर जास्त पाणी गेलं नाही हेही खरं. पण प्रक्रिया केलेलं पाणी म्हणजे फुकटचं पाणी हा समज तेव्हाही चूक होता. माणशी १३५ लिटरांतले ४५ लिटर संडासात जातात. एसटीपीचं पाणी फ्लशच्या टाकीत चढवलं तर तेवढं स्वच्छ पाणी सरळ वाचतं. पुण्यातल्या कित्येक इमारतींत दुहेरी पाइपलाइन असूनही फ्लशला टँकरचं पाणी आणि लॉनला एसटीपीचं, असा उफराटा कारभार चालतो, कारण फ्लशमध्ये किंचित पिवळट पाणी दिसलं की तक्रारी येतात. शिवाय शहराने वापरून सोडलेलं पाणी खाली कुणाला तरी लागतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते बेबी कालव्यात उचललं जातं आणि दौंडकडच्या शेतीला मिळतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांच्या पाण्यावरून पुणेकर आणि दौंड-इंदापूरकर दरवर्षी आवर्तनाच्या तारखेसाठी भांडतात. लॉनने हवेत सोडलेलं पाणी त्या दोघांपैकी कुणालाच मिळत नाही.

उलट टोकाच्या मंडळींशीही माझं पटत नाही. टंचाई जाहीर झाली की 'बागा म्हणजे चैन, सगळं पाणी तोडा' असा सूर लागतो. बेंगळुरूने २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याचं पाणी बागेला घातल्यास पाच हजार रुपये दंड लावला. टंचाईत तेवढं ठीक. पण कृषिमूल्य आयोगाच्या अहवालानुसार लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस महाराष्ट्रातल्या सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. तिथे बाल्कनीतल्या गवती चहाला आरोपी करणं हास्यास्पद आहे. झाडं सावली देतात, भिंती गार ठेवतात. लॉन यातलं फारसं काही करत नाही, तरी दोन्हींना एकाच नावाखाली मोजतात आणि एकदमच फाशी देतात. आंब्याच्या झाडाखाली आणि लॉनवर मे महिन्यात दुपारी दोन वाजता दहा दहा मिनिटं उभं राहिलं तर वेगळं काही सांगावं लागणार नाही.

राहता राहिला प्रश्न, पाणी घालायचं कसं. शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मुठीत दाबली तर ढेकूळ होतं पण हाताला चिखल लागत नाही, अशी ती अवस्था. शहरातल्या बागेत वाफसा कधी येतच नाही, कारण तो यायच्या आधीच दुसऱ्या दिवशीचं पाणी पडतं. रोज थोडं थोडं पाणी घातलं की वरची बोटभर माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड लगेच मान टाकतं. मग मालक म्हणतो, बघा, याला रोज पाणी लागतं! त्याच झाडाला भरपूर पाणी देऊन पुढे बरेच दिवस थांबलं तर मुळं खाली जातात. जमिनीत लावलेल्या, रुजलेल्या जास्वंदीला, तगरीला, कण्हेरीला आठवड्याने पाणी पुरतं. अडुळसा आणि करवंद तर त्याहून सोशीक. पाणी खोडाशी ओतण्यातही अर्थ नाही. द्राक्षबागायतदार ज्या पांढऱ्या मुळीसाठी जीव टाकतात ती पाणी पिणारी मुळी खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला असते. आळं तिथे हवं. आपण मात्र खोडाला चिकटून लहानसं आळं करतो, त्याला विटांची महिरप लावतो आणि खोडच कुजवतो.

माती कोणती हेही कुणी विचारत नाही. काळ्या मातीत पाणी सावकाश उतरतं, पण टिकतं फार. तिथे स्प्रिंकलर अर्धा तास चालला तर पाणी वाहूनच जाणार. दहा मिनिटं चालवून, थांबून, पुन्हा दहा मिनिटं चालवावा लागतो. मुरमात ते झर्रकन खाली जातं. बिल्डरने दिलेल्या बागेत बहुतेकदा वर चार बोटं लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे असतात. त्यात कोणतंही यंत्र लावा, पाणी थांबणार नाही. त्या पैशात पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. वर आच्छादन हवं: झाडलेला पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते, वीतभर नाही तरी चार बोटं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर भाजी पिकवली ती उसाच्या चिपाडांच्या जोरावर, आणि चिपाडं कोणत्याही रसवंतीपाशी मिळतात. आपल्याकडे मात्र रोज सकाळी पालापाचोळा झाडून, गोळा करून कचऱ्याच्या गाडीत घालतात आणि उघड्या पडलेल्या मातीवर पाणी मारतात.

वेळ पहाटेची किंवा सकाळची चांगली, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. दुपारी घातलेलं बरंच उडून जातं, रात्री पानं ओली राहिली की बुरशी येते. पण 'दुपारी पानांवर थेंब पडले की भिंग होऊन पानं जळतात' हे जे ठामपणे सांगतात त्यात फारसं तथ्य नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासून पाहिलं, गुळगुळीत पानं जळत नाहीत.

कुंड्यांचं वेगळं. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून नजरेवर विसंबू नये. बोट दोन पेरं आत घालावं, किंवा कुंडी किंचित उचलून वजन बघावं. घरी आरओ असेल तर टाकाऊ पाण्याने एक बादली सहज भरते. पण त्यात क्षार साठलेले असतात, म्हणून ते जमिनीतल्या झाडांना घालावं, कुंड्यांना सतत घालू नये. एसीचं पाणी कुंड्यांना चालतं. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायचा नेम असेल तर तो मोडा असं सांगण्याची माझी छाती नाही; तांब्या लहान घ्या.

शेवटचा आक्षेप मुलांचा असतो. मुलांनी काय सिमेंटवर खेळायचं का? नाही, गवतावरच खेळायचं. जिथे पोरं खरोखर फुटबॉल खेळतात, ज्येष्ठ मंडळी सकाळी योगासनं करतात, तेवढा तुकडा राखावा, त्याला हरळी लावावी, पाणी द्यावं. नेवाडाच्या कायद्यानेही वापरातलं गवत असंच वगळलं आहे. पण आपल्या सोसायट्यांमध्ये लॉनच्या कडेला जी पाटी असते तिच्यावर काय लिहिलेलं असतं? 'लॉनवर चालू नये. खेळण्यास सक्त मनाई.' म्हणजे त्या गवताचा कुणालाही उपयोग नाही हे कमिटीने स्वतःच रंगवून लावलेलं असतं.

त्यामुळे पुढच्या बैठकीत स्मार्ट सिंचनाचं कोटेशन येईल तेव्हा माझी मागणी एवढीच राहील, की त्याआधी बागेच्या लाइनवर एक साधा मीटर बसवा आणि त्याचं महिन्याचं वाचन नोटीस बोर्डावर, टँकरच्या बिलाशेजारी लावा. माळीकाकांना सांगा, आकडा खाली आला तर पगार वाढेल, आणि चार पानं पिवळी पडली तर कुणी काही बोलणार नाही. ज्या लॉनवर पाटी आहे ते जूनच्या पहिल्या पावसात उकरा, पोयटा घाला, कोरांटी-अबोली-अडुळसा लावा, पावसातच त्यांना रुजू द्या. वर्षभराने मीटर काय म्हणतो ते बघून ठिबक हवं की नको ते ठरवू. तेव्हा हवं असं निघालं तर त्या कोटेशनवर पहिली सही मी करीन, पावसाच्या सेन्सरसकट.